बाबा, हे वासरू खोकतंय

वॅडलो, ४ मे

लॉर्न,

सहा वर्षांनी पत्र लिहिलंस आणि त्यात विचारतोस काय, तर पोरगा जेवतो किती! मी कशी आहे ते नाही. माझ्या वॉल्टच्या गुडघ्याचं काय झालं ते नाही. आईच्या थडग्यावर दगड बसला का, तेही नाही. जेवतो किती, झोपतो किती, हरल्यावर आदळआपट करतो का, आईशी फोनवर बोलतो किती, आणि आईची उंची काय. आईची उंची! लिहिताना लाज वाटली नाही? पोरगा अजून वाढेल का हे बघायला त्याच्या आईला फूटपट्टी लावता तुम्ही लोक. बाबा बाजारात म्हणायचे ना, वासराची आई दाखव आधी, मग बोलू. तेच.

तुझा नंबर मी फोनवर बंद करून ठेवलाय म्हणून तू कागद धाडलास, एवढं कळतं मला. मीही कागदावरच लिहीन. तुझा आवाज घरात नको. आणि माझ्या अक्षराला हसू नकोस. सातवीत माझी शाळा सुटली कारण तुझ्या वाटणीच्या गाईंची धारही मीच काढत होते, आणि तू स्केट घालून तळ्यावर.

आधी माझं ऐकून घे. आईला मातीत घातलं त्या दिवशी तू फिनलंडमध्ये होतास, कुणाच्या तरी पोरांचे सामने बघत. "व्हर्ना, इथे दोन पोरं आहेत, अशी दहा वर्षांतून एकदा दिसतात," म्हणालास फोनवर. आई किती वर्षांतून एकदा मरते रे? जमीन दगडासारखी गोठली होती. पेटी उचलायला एक माणूस कमी पडला तेव्हा शेजारचा फ्रीझन गोठ्यातल्या बुटांनिशी धावत आला. आमच्या पंथाचाही नाही बिचारा. सगळ्या गावाने विचारलं, लॉर्न कुठे? मी म्हटलं, कामावर. खोटं नव्हतं.

आता तू विचारतोस तो पोरगा. म्हणजे माझा. वॉल्ट रिंकवर बर्फ सारवायचं यंत्र चालवतो आणि मी संघाची पोरं घरात ठेवते, हे तुला माहीत आहे. सोळा-सतराची पोरं, आईबाप लांब उत्तरेत नाहीतर कुठे डोंगरात, आणि ही इथे बर्फावरची हॉकी खेळायला. कुणीतरी जेवू घालायला लागतंच. यंदा रेमी बोशां माझ्याकडे आहे आणि यंदाच जूनअखेर मोठे क्लब पाळीपाळीने एकेक पोरगा निवडून घेणार, म्हणून माझ्या दाराशी तुम्हा खेळाडू हेरणाऱ्या पारख्यांची रांग. हातात डोनटचा खोका, तोंडावर हसू. "मिसेस टकर, पाचच मिनिटं." एकाने तर त्याच्या खोलीत डोकावू का विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आईच्या खोलीत डोकाव. सगळ्यांना दारातून परत धाडलं. आणि सगळ्यात शेवटी माझा सख्खा भाऊ.

तुला ऐकायचंय ना? ऐक. तो पोर आहे, लॉर्न. खांद्याने दार अडवतो एवढा झाला तरी पोर. रविवारी आईचा फोन येऊन गेला की जिन्यावर बसून रडतो आणि मला म्हणतो, सर्दी झालीय. रात्री दिवा लावून झोपतो, तुझ्यासारखाच. दिवा घरून घेऊन आलाय, पिवळ्या कापडी शेडचा, एका बाजूने करपलेला. पहिल्या दिवशी बॅगेतून आधी तो काढला, मग चड्ड्या. असल्या पोराला तुम्ही यादीत वर सरकवता, खाली सरकवता, याच्या कमरेखाली जोर कमी, त्याची पहिली पावलं जड. दुसरं काय सांगू? ताट उचलत नाही. दुधाच्या बाटलीला तोंड लावतो. माझ्या कोबीच्या गुंडाळ्या सात-आठ खातो आणि नंतर म्हणतो, मा व्हर्ना, भूक नव्हती खरं तर. पण बर्फावर उतरला की वॉल्ट यंत्र थांबवून बघत राहतो. लग्न झाल्यापासून मी वॉल्टला कशासाठी काही थांबवलेलं पाहिलं नाही.

झालं तुझं काम? परत लिहू नकोस.

व्हर्ना


वॅडलो, १७ मे

लॉर्न,

नको म्हटलं तरी लिहिलंस. पण आईबद्दल चार ओळी लिहिल्यास, त्या मी दोनदा वाचल्या. दगडासाठी मी पैसे देतो म्हणालास. नकोत, दगड बसलाय. पण म्हणालास. जेवताना वॉल्टला वाचून दाखवल्या. तो चमचा खाली न ठेवता म्हणाला, "याला काहीतरी पाहिजे."

मी म्हटलं, "माझा भाऊ आहे तो."

"म्हणूनच म्हणतोय."

त्याला गप्प बसवलं. वॉल्टला तू कधी आवडला नाहीस. लग्नात तू त्याला "हा धावताना डावीकडे झुकतो" म्हणाला होतास, ते तो विसरलेला नाही.

तू विचारलंस, दिवा का. पोरगा भित्रा तर नाही ना. खरं कारण कळलं तर माझ्या लोकांना मी समजावीन म्हणालास. मग नीट सांगते, म्हणजे उगाच कुणी काही बोलायला नको.

रेमी नऊ वर्षांचा होता. बाप सापळे लावायचा, वर उत्तरेत. पोराला घेऊन गेला होता तळ्याकाठच्या झोपडीवर. संध्याकाळी म्हणाला, पलीकडचे सापळे बघून येतो, तू जागचा हलू नकोस, मी आलोच. आणि बर्फगाडी घेऊन तळ्यावरून गेला. बर्फ वरून पक्का दिसत होता, खाली नव्हता. पोराने आवाज ऐकला. म्हणे, गाडीचा आवाज येत होता आणि मग नव्हता. बाप म्हणाला होता हलू नकोस, म्हणून हलला नाही. कंदिलातलं तेल संपलं. लाकडं संपली. दुसऱ्या दिवशी रात्री माणसं आली तेव्हा दाराशी बसला होता, बूट घालून, तयार.

हे मला त्याने जानेवारीत सांगितलं, वादळात वीज गेली तेव्हा. मी बॅटरी घेऊन त्याच्या पलंगाच्या कडेला बसले होते, गुडघे दुखेपर्यंत. कुणाला सांगू नको असं तो म्हणाला नाही. असलं सांगणारा माणूस वेगळं बजावत नाही.

तुला सांगतेय कारण तुला बटाट्यांचं तळघर माहीत आहे. हॉकीच्या सरावात तुझा नेम चुकला की बाबा तुला किती वेळ आत ठेवायचे आणि मी हळूच कडी काढली की तू कसा बाहेर यायचास, ते आपल्या दोघांशिवाय जिवंत कुणाला माहीत नाही. बारा वर्षांचा घोडा होईपर्यंत माझ्या गोधडीत शिरायचास. तुला कुणी भित्रा म्हणालं असतं तर मी त्याचे दात पाडले असते. तर हाही भित्रा नाही. ज्या बर्फाने बाप गिळला त्याच्यावर रोज सकाळी उतरतो. तुझ्या लोकांना हे सांग.

जूनच्या सुरुवातीला त्यांची ती तपासणी आहे, सगळे क्लब जमतात, पोरांना सायकलवर ओकेपर्यंत पळवतात आणि मग बंद खोलीत प्रश्न विचारतात. तू असशीलच. तू माझा भाऊ हे त्याला माहीत नाही. तुझं आडनाव वोलोशिन, माझं टकर, आणि तुझा फोटो मी भिंतीवरून काढला त्याला सहा वर्षं झाली. सांगायचं तर तूच सांग. काही नाही, नुसता पाठीवर हात ठेव आणि म्हण, मी व्हर्नाचा लॉर्न.

सगळे म्हणतात पहिल्या पाचात जाईल. तसं झालं तर पुढच्याच हिवाळ्यात मोठ्या संघात, आणि त्याच्या आईला दवाखान्यातली ती ताटं घासायला नकोत. निवडीच्या दिवशी घरच्यांसाठी खुर्च्या देतात. एक आईला, एक तुला, म्हणाला मला. मी निळा ड्रेस घेतलाय. वॉल्ट म्हणतो त्यात मी पाण्याच्या टाकीसारखी दिसते. दिसू दे.

व्हर्ना


वॅडलो, ८ जून

पाठीवर हात ठेव म्हटलं होतं.

काल दुपारी रेमी परत आला. मी बटाटा भरलेल्या पिरोगी तळत होते, त्याला आवडतात म्हणून कांदा जास्त घातला होता. बूट न काढता स्वयंपाकघरात आला. या घरात आजवर कुणी बूट घालून आत आलेलं नाही.

"दिव्याचं कुणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, "आधी बस. काय झालं?"

"सहा जण होते टेबलाच्या पलीकडे. एक टकलू, हसरा. मिस्टर वोलोशिन. पाणी देऊ का म्हणाला. मग म्हणतो, रात्री दिवा लागतो म्हणे तुला. बाकीचे हसले. मला वाटलं मस्करी आहे, मीही हसलो."

लॉर्न, पोरगा हे सांगताना पुन्हा हसला. तसाच हसला असेल तिथे.

"मग म्हणाला, तुझा बाप बुडत होता तेव्हा तू आत बसून होतास ना? बाहेर का नाही गेलास? मी म्हटलं, मी नऊ वर्षांचा होतो. तो म्हणाला, वय नाही विचारलं. आमच्या संघातला एखादा पडला, तीन जण त्याला मारतायत, तर तू बाकावरून उठशील का सांगेपर्यंत बसशील? त्याने वाट पाहिली. घड्याळाकडे बघत वाट पाहिली. मग म्हणाला, झालं, जा तू."

पुढे सायकलवर त्याचे पाय चालले नाहीत. निम्म्यात उतरला. सगळ्यांसमोर.

हे तू केलंस. कडी लावलेल्या दारामागे बसून माझ्या नावाने हाका मारणारा तू. मी तुला दिलं ते तू हातात धरून त्याच्या डोळ्यांत खुपसलंस आणि वर पाणी देऊ का विचारलंस.

रेमी गेला. सामान घेऊन, फ्रीझनांकडे, रस्त्यापलीकडे. त्यांचा पोरगा संघात गोलरक्षक आहे. जाताना मला मिसेस टकर म्हणाला. दिवा माझ्या टेबलावर ठेवून गेला, पिरोगीच्या ताटाशेजारी. तुम्हाला लागेल, म्हणाला.

मला उत्तर नको. तुझ्या अक्षरातलं काही या घरात नको.

व्हर्ना


वॅडलो, १९ जून

तुला पुन्हा लिहायला लागतंय याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग आहे.

आज गस थोरबर्न आला होता. म्हातारा, तोंडात काडी, तुमच्या धंद्यातला सगळ्यात जुना. त्याचा क्लब चौथा निवडणार. त्याला मी आत घेतलं, कारण त्याने डोनट आणले नव्हते. बेरीचा केक दिला. अर्धा संपवला. मग म्हणतो:

"व्हर्ना, खरं सांग. पोरगा अंथरूण ओलं करतो का?"

माझ्या हातात कढई होती. नशीब त्याचं की रिकामी होती.

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत. अंधारात किंचाळतो. प्रवासात कुणी त्याच्या खोलीत झोपायला तयार नाही. बाप डोळ्यांसमोर गेला आणि हा हलला नाही. डोकं ठिकाणावर नाही त्याचं, असं म्हणतायत."

"आणि हे कळलं कुठून?"

त्याने काडी काढली. "तुझंच नाव सांगतात. जिच्या घरात राहतो ती बाईच म्हणाली."

"मी असं काही म्हटलेलं नाही! दिवा लावून झोपतो, बस! तुझा नातू नाही झोपत?"

"म्हणजे दिव्याचं खरं आहे."

"गस, मी सांगते ना. पोरगा सोन्यासारखा आहे."

"निवडीच्या आठवड्यात प्रत्येक घरच्या बाईचा पोरगा सोन्यासारखा असतो, व्हर्ना. आधी तोंडातून निघतं तेच खरं." केक मात्र संपवला त्याने. दारात म्हणाला, "वाईट वाटतं. पायात काय जादू होती पोराच्या." होती म्हणाला. मेल्यासारखं.

तुझ्या क्लबमधलं कुणीतरी तोंड सोडून बसलंय. त्या सहातला कुणीतरी. शोधून काढ आणि बंद कर. एवढं तरी तू माझं देणं लागतोस.

व्हर्ना


वॅडलो, २२ जून, रविवार

लॉर्न,

मूर्ख मीच. शोधून काढ म्हणे! तुलाच.

काल तू वॉल्टला फोन केलास. त्याचा नंबर तुझ्यासाठी उघडा आहे हे मला माहीतही नव्हतं. मी बटाटे सोलत होते. वॉल्टने फोन टेबलावर ठेवला आणि मोठा आवाज करायचं बटण दाबलं. मला डोळ्यांनी म्हणाला, बस. तीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा बस म्हटलं.

"वॉल्ट, तिला समजाव जरा," तू म्हणालास. "तिचं पत्र आलंय कुरियरने, वेड्यासारखं. पोराला काही होत नाही. चौथा गेला काय, अकरावा गेला काय. आम्ही अकरावे आहोत. बाबा बाजारात काय करायचे ते तिला विचार. ज्याच्यावर डोळा आहे त्यालाच नावं ठेवायची, दुसऱ्यांचे हात आपोआप खाली येतात. येऊ दे त्याला अकरापर्यंत घरंगळत, मी उचलतो. माझ्याकडे सुखात राहील. मी स्वतः बघीन त्याच्याकडे."

वॉल्ट म्हणाला, "अंथरुणाचं कुणी जोडलं?"

तू हसलास. "ते आपोआप वाढतं रे. तू फक्त पहिला खडा टाकायचा."

"लॉर्न," वॉल्ट म्हणाला, "व्हर्ना इथेच बसलीय."

आणि तू फोन ठेवलास. मी बटाटे सोलत राहिले. सगळे सोलले. आठवड्याचे.

बाबा बाजारात काय करायचे ते मला विचारायचं होतं ना? मी सांगते. तू तेव्हा कठड्यावर बसून शेंगदाणे खायचास, तुला बाहेरूनच दिसायचं. मी सात वर्षांची, दोन वेण्या. बाबांना जे वासरू पाहिजे असायचं त्याच्या कुंपणाशी मला उभं करायचे. त्यांचा हात माझ्या मानेवर. माणसं जमली, बोली लागायची वेळ आली की मानेला चिमटा. मग मी मोठ्याने म्हणायचं, "बाबा, हे वासरू खोकतंय." बस एवढंच. बाबा मला रागावायचे, गप्प बस, काहीही बोलतेस. ते तर आणखी कामाला यायचं. माणसं एकमेकांकडे बघायची, पोर कशाला खोटं बोलेल. हात खाली. बाबा दोन पैशांत वासरू घरी. वाटेत मला एक गोळी. वासरं कधीच खोकत नव्हती, लॉर्न. एकदाही नाही.

आणि तू काय केलंस? मला चिमटाही काढायला लागला नाही. आईबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि मी बोलले. सात वर्षांची बाबांच्या हातात होते, बावन्नाव्या वर्षी तुझ्या हातात. घरची बाई कशाला खोटं बोलेल! बाबांची तर एवढी हुशारी नव्हती.

फरक एकच. वासराला ऐकू येत नव्हतं.

फ्रीझनबाई सांगत होती, रेमी रात्रभर त्यांच्या दिवाणखान्यात टीव्ही लावून बसतो, आवाज बंद करून. तिने दिवा देऊ का विचारलं तर म्हणाला, मला लागत नाही. पहाटे तोंडावर पाणी मारतो आणि धावायला जातो. काल रस्त्यात माझी गाडी दिसली तर खंदकात उतरून उभा राहिला मी जाईपर्यंत. माझा नंबर त्याने बंद केलाय, जसा मी तुझा केला होता. तिकडे त्याच्या आईला कुणा वार्ताहराने फोन करून विचारलं, तुमचा मुलगा मनाने आजारी आहे हे खरं का. ती बाई कामावर होती. हातातलं तसंच टाकून परसात जाऊन बसली म्हणे. आणि आता कुठल्याशा यादीत तो तेरावा आहे. तेरावा! म्हणजे तुझे साहेबही कचरतील, तुझ्याही हातातून सुटेल असं दिसतंय. फार जोरात खोकायला लावलंस.

आणखी एक आहे, आठ तारखेच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. रेमीने विचारलं, कुणाला सांगितलंस, तेव्हा मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, "सांगितलं, मग? खोटं होतं का?" हातात झारा, पिरोगी करपतायत, आणि मी पोरावर ओरडले. चूक झाली म्हणायला मला कधीच जमलं नाही, तुला माहीत आहे. बाबांच्या घरात चूक झाली म्हणणाऱ्याला तळघर होतं. तो थोडा वेळ थांबला. मी पुढे काही बोलेन म्हणून. मग गेला. तेव्हा तू एकटा नाहीस. पण मी त्याला विकत घ्यायला निघाले नव्हते.

आता माझं ऐक आणि एकदाच ऐक. हे पत्र वॉल्ट उद्या शहरात नेऊन कुरियरवाल्यांकडे देणार, मंगळवारी तुझ्या हातात. शुक्रवारी रात्री नावं पुकारणार. तुझ्या आधीच्या दहाच्या दहा क्लबांना तू स्वतः फोन करायचा. दुसऱ्या कुणाला करायला लावायचा नाही. म्हणायचं, पोराबद्दलचं ते मी पसरवलं, त्याला खाली आणायला पसरवलं. अंथरुणाचं खोटं, किंचाळण्याचं खोटं. व्हर्ना टकर माझी बहीण आहे आणि तिने फक्त एवढंच लिहिलं होतं की तो दिवा लावून झोपतो, माझ्यासारखाच. 'माझ्यासारखाच' हा शब्द गाळायचा नाही. तो तू एकदा गाळला आहेस. मी सांगितलं तर कुणी ऐकत नाही, ते गसने मला दाखवून दिलं. तू सांगितलंस तर ऐकतील, कारण तुझं त्यात नुकसान आहे. नोकरी जाईल. जाऊ दे. बाबांची वासरं स्वस्तात मिळाली म्हणून आपलं घर कधी वर आलं नाही.

सुरुवात गसपासून कर. तुझं बोलणं झालं की तो मला फोन करेल. त्याला मी सांगून ठेवलंय की एक फोन येणार आहे, कुणाचा ते सांगितलेलं नाही.

नाही केलंस तर काय ते सांगते. गुरुवारी सकाळी रेमी विमानतळाकडे निघतो. फ्रीझनांच्या फाटकात मी गाडी आडवी लावीन. खंदकात उतरायला जागा ठेवणार नाही. त्याला सांगेन, तो टकलू, हसरा, पाणी देऊ का विचारणारा माझा सख्खा भाऊ. दिव्याचं मी त्याला लिहिलं. बापाचंही मीच. त्याने ते गावभर केलं, का केलं तेही सांगेन, वॉल्ट शेजारी उभा असेल. त्यानंतर तो पोरगा जन्मात माझं तोंड बघणार नाही. आता निदान त्याला वाटतंय की बाई बडबडी आहे. मग त्याला कळेल की बाई घरचीच आहे, तुझ्या घरची. ती खुर्ची गेलीच आहे माझी. ड्रेस परत केला मी.

पण मग शुक्रवारी, तुझ्या नशिबाने तो अकरापर्यंत आलाच आणि तुझ्या साहेबांनी त्याचं नाव पुकारलंच, तर तू व्यासपीठावर त्याला घालायला क्लबची टोपी घेऊन उभा राहा. सगळा देश बघत असेल. तो ती घालतो की तुझ्या पायाशी टाकतो, ते बघू. पोराने टोपी नाकारली की पुढे पारख्याला कुणी विचारत नाही, हे मला तूच एकदा सांगितलं होतंस, आईच्या टेबलावर बसून, हसत. आणि कुणी विचारलं का नाकारली, तर सांगायला त्याच्याकडे सगळं असेल. तळघरासकट. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ते तुझं म्हणून जपलं. रेमीचंही मी त्याचं म्हणून जपायला हवं होतं. आता एक उघडं पडलंय, तर दुसरं कशाला झाकू?

बुधवारी संध्याकाळी सहाला वॉल्ट जेवायला बसतो. तोवर गसचा फोन यायला हवा. सहा वाजून गेल्यावर आलेला मी उचलणार नाही.

तुझा नंबर मी आज सकाळी उघडलाय. हो की नाही, तुझ्या तोंडाने सांग. बुधवार, सहा.

व्हर्ना